रस्त्यांचीं नांवें आणि बाजारांचा इतिहास
(शेपर्डकृत मुंबईच्या स्थलनामांच्या पुस्तकाचें परीक्षण)

सॅम्युएल टी. शेपर्ड यांचें मुंबईंतील स्थळांच्या व रस्त्यांच्या नांवांविषयींचें इंग्रजी पुस्तक इ. स. १९१७ त मुंबईच्या टाइम्स छापखान्यांत छापून निघालें. शंभराहून अधिक वर्षें उलटून गेलेल्या पुस्तकाचें परीक्षण आतां कशासाठीं, असें वाचक विचारतील. त्यास उत्तर इतकेंच कीं, पुस्तक जुनें झालें तरी त्याची सत्ता जुनी झालेली नाहीं. मुंबईच्या जुन्या बाजारांविषयीं कोणी लिहावयास बसला म्हणजे तो प्रथम हें पुस्तक उघडतो, त्यांतील व्युत्पत्ति उतरून घेतो, आणि नांवाचा उलगडा झाला म्हणजे बाजाराचा इतिहास झाला असें समजून लेखणी खालीं ठेवतो. यांत शेपर्डचा दोष थोडा व त्याच्या मागून जाणारांचा फार आहे. तथापि नांव हें बाजाराच्या इतिहासाचें कितपत साधन होऊं शकतें, याचा विचार या पुस्तकाच्या निमित्तानें एकदां नीट केला पाहिजे. कारण नांवांवर भिस्त ठेवून आम्ही स्वस्थ बसलों असतां खरीं साधनें डोळ्यांदेखत नाहींशीं होत आहेत.

प्रथम पुस्तकाचे गुण सांगणें न्याय्य होईल. शेपर्ड हे टाइम्स ऑफ इंडिया पत्राच्या मंडळींतील. पुढें ते त्याचे संपादकहि झाले. संशोधन हा त्यांचा पेशा नव्हे, हौस होती. कर्कारिया व रावबहादुर पुरुषोत्तम बाळकृष्ण जोशी यांच्यासारख्या जाणत्या गृहस्थांच्या माहितीचा त्यांस लाभ झाला, आणि ती माहिती त्यांनीं त्या त्या गृहस्थांच्या नांवानिशीं दिली आहे. एका नांवाच्या दोन उपपत्ति ऐकूं आल्या तर दोन्ही शेजारीं ठेवण्याचा प्रामाणिकपणाहि त्यांच्यापाशीं आहे. त्या काळीं हें काम कोणीं केलें नसतें तर कित्येक गल्ल्यांच्या नांवांमागील दंतकथासुद्धां आज उरल्या नसत्या. दंतकथा हा इतिहास नव्हे. परंतु ती कोणत्या सालीं लोकांच्या तोंडीं होती हें कळणें हाहि एक पुरावाच असतो.

आतां दोषांकडे वळूं. शेपर्डची पद्धति कोठें लंगडी पडते हें पाहण्यास चर्नी रोड हें नांव पुरेसें आहे. ठाण्याजवळ चेंदणी नांवाचें गांव आहे, त्याचें शुद्ध रूप चर्नी, आणि तेथील लोक येथें येऊन राहिले म्हणून हा चर्नी रोड, अशी एक उपपत्ति त्यांत दिली आहे. गुरें चरण्याची जागा म्हणून चरणी, ही दुसरी. चेंदणी हें गांव खरें, तें आजहि आहे. परंतु चेंदणीचें शुद्ध रूप चर्नी असें म्हणण्यास जुन्या कागदाचा आधार दाखविलेला नाहीं, आणि "न्द" या जोडाक्षराचा "र्न" व्हावा असा मराठी भाषेचा कांहीं नियम नाहीं. उलट "चरणें" या धातूपासून "चरणी" हा शब्द कोणताहि गुराखी तयार करील. दोन उपपत्तींपैकीं एक सरळ व दुसरी ओढाताणीची असतां दोघींस सारखेंच आसन देणें याला निःपक्षपात म्हणतां येत नाहीं, कारण निर्णय करण्याचें कामच त्यांत टाळलें गेलें आहे. ग्रंथकारानें निर्णय टाळला कीं पुढचा लेखक आपल्या सोयीची उपपत्ति उचलतो, आणि दहा वर्षांनीं ती सिद्धांत म्हणून मिरविते.

दुसरा दोष रचनेचा आहे, आणि आमच्या मतें तो अधिक मोठा. पुस्तक अकारविल्हे, म्हणजे इंग्रजी वर्णानुक्रमानें, लाविलेलें आहे. शोधणाऱ्यास तें सोईचें खरें. परंतु बाजार वर्णानुक्रमानें वसत नसतो. शेख मेमन रस्ता व झवेरी बाजार हीं वस्तुतः एकाच वाटेचीं दोन नांवें. मुंबादेवी त्याच वाटेस लागून. तांबाकांटा व पायधुणी तेथून हाकेच्या अंतरावर. सराफ, तांब्याचे व्यापारी, कापडवाले व देवळाबाहेरील फूलवाले एकमेकांच्या आधारानें कसे वसले, हें समजण्यास हीं सर्व स्थळें एका दृष्टींत आलीं पाहिजेत. वर्णानुक्रमांत एक या टोंकास व दुसरें त्या टोंकास पडतें. नकाशा फाडून त्याच्या चिंध्या लिफाफ्यांत भरून ठेवाव्या तसा हा प्रकार आहे; चिंधी एकहि हरवलेली नसते, मात्र गांव कोठें दिसत नाहीं.

धंद्यावरून पडलेल्या नांवांच्या बाबतींत तर विशेष सावधपणा पाहिजे. लोहार चाळीचें नांव लोहारांचें, पण आज तेथें विजेच्या सामानाचा घाऊक व्यापार चालतो. नांवावरून लोहार होते एवढें कळतें. ते केव्हां आले, जागा कोणाची होती, भाडें काय देत, कोणामुळें उठले, यांतील एकहि गोष्ट नांव सांगत नाहीं. तांबाकांटा हें नांव त्या मानानें अधिक बोलकें आहे, कारण कांटा म्हणजे मालाचें वजन करण्याचा मोठा तराजू. तेव्हां या ठिकाणीं नुसतीं दुकानें नसून वजनाची कांहीं ठराविक व्यवस्था असली पाहिजे, असें अनुमान निघतें. परंतु त्या कांट्याचा हक्क कोणाकडे, मणामागें तोलाई किती, हें सांगणारा कागदच पाहिजे. भेंडी बाजाराचें नांव भेंडीच्या झाडांवरून पडलें असें सामान्यतः मानतात. (भेंडी म्हणजे येथें भाजीची भेंडी नव्हे, समुद्रकांठच्या प्रदेशांत होणारा, पिंवळ्या फुलांचा, पिंपळासारख्या पानांचा वृक्ष.) हें मानण्यास हरकत नाहीं. पण कोटांतील साहेब लोक त्यास "बिहाइंड द बाजार" म्हणत व त्याचा अपभ्रंश भेंडी बाजार झाला, ही कोटी अजून गंभीर चेहऱ्यानें सांगितली जाते! असल्या कोट्या टिकतात त्याचें कारण नांवापलीकडे कोणी गेलेंच नाहीं हें होय.

ज्या घटनांनीं मुंबईचे बाजार खरोखर घडविले त्यांचा नांवांवर पुष्कळदां मागमूसहि राहत नाहीं. १७ फेब्रुवारी १८०३ रोजीं कोटांत मोठी आग लागून उत्तरेकडील दाट बाजारवस्तीचा बराच भाग जळाला. त्यानंतर पुष्कळ एतद्देशीय व्यापारी कोटाबाहेर सरकले आणि मांडवी, पायधुणी, भुलेश्वर या बाजूंची भरभराट झाली. मुंबईच्या बाजारांच्या इतिहासांत याहून मोठी घटना थोडी. पण या आगीचें स्मारक एकाहि पेठेच्या नांवांत नाहीं. उलट ज्या बाजारगेटावरून रस्त्यास नांव पडलें तें गेट १८६० नंतरच्या दशकांत तटबंदीबरोबर पाडलें गेलें, तरी बाजारगेट हें नांव लोकांच्या तोंडून अजून गेलेलें नाहीं. म्हणजे जें घडलें त्याचें नांव नाहीं, आणि ज्याचें नांव आहे तें उरलेलें नाहीं.

शेपर्डच्या पूर्वीं चोपन्न वर्षें, इ. स. १८६३ त, गोविंद नारायण माडगांवकर यांचें "मुंबईचें वर्णन" प्रसिद्ध झालें. हें मराठी पुस्तक इतिहासाच्या दृष्टीनें कच्चें आहे. साधनांची छाननी त्यांत नाहीं. परंतु माडगांवकर हे शहर पायीं हिंडणारे व डोळे उघडे ठेवणारे लेखक होते. अमेरिकेंतील यादवीमुळें कापसाचा भाव चढून मुंबईंत पैसा खेळूं लागला होता, कोटाच्या तटास कुदळ लागण्याची वेळ आली होती, त्या घटकेचें शहर त्यांनीं टिपून ठेविलें. नांवाची व्युत्पत्ति चुकली तर ती दुरुस्त करतां येते. पाहिलेली गोष्ट न लिहिली तर ती कायमची गेली. या एका कारणास्तव बाजारांच्या अभ्यासकानें शेपर्ड बाजूस ठेवून प्रथम माडगांवकर वाचावा, असें आम्हांस वाटतें. न. र. फाटक यांच्या संपादनानें १९६१ त त्याची दुसरी आवृत्ति निघाली, आणि २००९ मध्यें मुरली रंगनाथन यांचें इंग्रजी भाषांतरहि झालें आहे. तेव्हां पुस्तक मिळत नाहीं ही सबब आतां उरली नाहीं. आचार्य व शिंगणे यांचा "मुंबईचा वृत्तांत" (१८८९) त्याच्या जोडीस ठेवावा.

तथापि पाहणाऱ्याचें वर्णन एका क्षणाचें असतें. बाजाराचा शें-दोनशें वर्षांचा इतिहास लिहावयाचा तर कोणत्या मार्गानें जावें, याचें उत्तम उदाहरण इंग्लंडांतील ऑक्सफर्ड या विद्यापीठाच्या गांवाचें आहे. तेथील हर्बर्ट सॉल्टर यांनींहि रस्त्यांच्या नांवांवर एक लहान पुस्तक १९२१ त प्रसिद्ध केलें. परंतु ते तेथें थांबले नाहींत. जुने मठ, रुग्णालयें व महाविद्यालयें यांच्या मालकीच्या दुकानांचे व घरांचे भाडेपट्टे वाचून त्यांनीं एकेक जागा घेतली, आणि तीवर कोणकोण पुरुष कोणत्या सालीं कोणत्या कराराने बसले याची माळ लाविली. त्यांच्या पश्चात् हा मिळकतवार ग्रंथ १९६० व १९६९ या सालीं दोन खंडांत छापला गेला. तेथील कॉर्नमार्केट म्हणजे धान्यबाजार या रस्त्यांत आज धान्याचा दाणाहि विकला जात नाहीं, आणि खाटिकांच्या आळीस राणीचें नांव मिळालें आहे. तरी नांवें बदलल्यानें सॉल्टरचें कांहीं अडलें नाहीं, कारण त्यानें धरलेला धागा नांवाचा नसून जागेचा होता. रस्त्यावरील गलिच्छ दुकानें उठवून तेथें छपराची मंडई १ नोव्हेंबर १७७४ रोजीं उघडली, हेंहि नेमकें सांगतां येतें. (त्याच सालच्या डिसेंबरांत इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला घेऊन साष्टी बळकाविली, हा योगायोग आमच्या वाचकांस मनोरंजक वाटेल.)

ऑक्सफर्डास हें साधलें याचें कारण सॉल्टरच्या परिश्रमाइतकेंच तेथील दुकानांच्या मालकांचेंहि आहे. मालक संस्था होत्या. संस्थेस मरण नाहीं, व तिचें दप्तर वाटण्यांत फाटत नाहीं. आमच्याकडे पुण्याची स्थिति कांहींशी अशीच आहे. तेथील पेठा सरकारी कौलानें वसल्या. शुक्रवार पेठ १७३४ त, सदाशिव पेठ १७६९ त, असें साल सांगतां येतें. कौल, शेटे-महाजनांचीं वतनें, कोतवालीचे हिशेब हे सर्व कागद दप्तरांत राहिले. म्हणूनच भारत इतिहास संशोधक मंडळास "पुणे नगर संशोधन वृत्ता"चे खंड काढतां आले. मुंबईचे बाजार कोणाच्या कौलानें वसले नाहींत; येथें साधनांची वांटणी निराळी आहे, आणि ती ध्यानांत न घेतल्यामुळेंच "मुंबईस साधनें नाहींत" असा समज पसरला आहे.

वास्तविक साधनें पुष्कळ आहेत. लॉटन यांनीं १८६५ ते १८७२ या काळांत मुंबई शहराची मोजणी केली. तिचे नकाशे चाळीस फुटांस एक इंच या प्रमाणावर काढलेले असून प्रत्येक धारण तींत वेगळी दाखविली आहे. सॉल्टरनें जें काम भाडेपट्ट्यांवरून उभारलें त्याचा पायाच येथें आयता घातलेला आहे. त्या जागांचे धाराप्रकार, म्हणजे फरास, फझिंदारी, टोका इत्यादि, हे स्वतःच इतिहास आहेत. फरास रोड हें नांव त्यांतूनच निघालें, आणि ज्या थोड्या नांवांमागें दप्तराचें पाठबळ आहे त्यांपैकीं तें एक होय. न्यायालयांचे कागद दुसरें साधन. १७२८ त मेयर्स कोर्ट स्थापन झालें, पुढें १७९८ त रेकॉर्डर्स कोर्ट, मग सुप्रीम कोर्ट, आणि १८६२ त हायकोर्ट. दुकानाचा वांटा, गहाण, भागीदारीचा बखेडा, हें सर्व तेथें साक्षीपुराव्यासह नोंदलेलें असतें. तिसरें साधन धर्मादाय संस्थांचें. भुलेश्वरची पांजरापोळ १८३४ त निघाली, आणि तिचा खर्च कापूस, साखर वगैरे मालावर महाजनांनीं बसविलेल्या लाग्यांतून चाले. कोणत्या मालावर किती लागा व तो कोणीं भरला, याची यादी म्हणजे त्या काळच्या बाजाराची गणतीच नव्हे काय? शेपर्डच्या पुस्तकांत पांजरापोळ शोधणारास नांवाचा अर्थ मिळेल; आम्हांस त्या लाग्यांच्या वह्या पाहिजेत.

आतां एक व्यावहारिक अडचण. शेपर्डनंतर मुंबईंतील असंख्य रस्त्यांचीं नांवें पालटलीं. हॉर्नबी रोडाचा दादाभाई नौरोजी मार्ग झाला, कारनॅक रोडाचा लोकमान्य टिळक मार्ग, प्रिन्सेस स्ट्रीटचा शामलदास गांधी मार्ग, लॅमिंग्टन रोडाचा डॉ. भडकमकर मार्ग, क्रॉफर्ड मार्केटची महात्मा फुले मंडई. नांवें बदलावीं कीं बदलूं नयेत हा येथें प्रश्न नाहीं. एवढें मात्र खरें कीं, १९२० च्या खरेदीखतांतील रस्ता आज कोणता हें लावतांना नवशिक्या अभ्यासकाची तारांबळ उडते. या कामीं शेपर्डचें पुस्तक खरोखर उपयोगी पडतें, आणि त्याचें उत्तम भवितव्य तेंच आहे: जुन्या नांवांची सूची म्हणून तें टेबलावर असावें, त्यावर प्रमाणग्रंथाचा भार घालूं नये. भेंडी बाजारासारख्या ठिकाणीं तर जुनी जागाहि राहिली नाहीं. २००९ पासून एका न्यासानें सुमारें साडेसोळा एकर टापू पाडून नव्यानें बांधण्याचें काम हातीं घेतलें आहे. त्यांत सुमारें अडीचशें जुन्या इमारती येतात. नव्या इमारती चांगल्या असतील. प्रत्येक जुन्या इमारतीच्या माळ्यावर काय होतें, हें मात्र इतिहासकाराला आतां विचारून कळणार नाहीं.

प्रस्तुत लेखक अंधेरीस राहतो. त्यास शेपर्डच्या पुस्तकाचा कांहींच उपयोग नाहीं, कारण तें बेटाच्या सीमेवर, माहीम-शीव येथें, थांबतें. १९१७ त अंधेरी ठाणें जिल्ह्यांतील गांव. १९२० त उपनगर जिल्हा झाला, आणि १९५० त अंधेरी बृहन्मुंबईंत आली. म्हणून जुन्या मुंबईच्या ग्रंथांत ती नाहीं, आणि ठाण्याच्या ग्रंथांत तिला जागा अल्प. १८६७ त आगगाडी सुरू झाली तेव्हां इंग्रजी वेळापत्रकांत या गांवाचें नांव "अंदारू" असें छापलें गेलें! उद्यां एखाद्या व्युत्पत्तिकारास तें सांपडलें तर तो त्यावर निबंध लिहील. त्याच्यासाठीं दुसरेंहि एक उदाहरण येथें तयार आहे. अंधेरीच्या पश्चिमेस लोखंडवाला नांवाची मोठी बाजारपेठ आहे. तीनशें वर्षांनीं केवळ नांव हातीं आलें तर येथें लोखंडाचे व्यापारी होते असें अनुमान कोणीहि काढील. वस्तुतः १९८० नंतर ती वसाहत बांधणाऱ्या बिल्डरांचें तें आडनांव आहे. पूर्वेकडील तेली गल्लीचें नांव ऐकून घाणा व तेली डोळ्यांसमोर येतात, आणि ते बहुधा खरेहि असतील. पण लोखंडवाल्याचा दाखला शेजारीं असतां नांवावर शपथ घेण्याचें धैर्य आम्हांस होत नाहीं. आज जो स्वामी विवेकानंद मार्ग, तो पूर्वींचा घोडबंदर रस्ता. हें नांव मात्र दिशा सांगणारें होतें, म्हणून विश्वसनीय. अंधेरी-कुर्ल्याच्या दरम्यान १९२८ ते १९३४ एक लहान आगगाडी चालली व बंद पडली. तिचा मागमूस कोणत्याहि गल्लीच्या नांवांत नाहीं.

साष्टीच्या बाजारांचीं साधनें तीन ठिकाणीं विखुरलीं आहेत. १७३९ पूर्वींचीं पोर्तुगीज भाषेंत. १७३९ ते १७७४ या पस्तीस वर्षांचीं पुण्याच्या दप्तरांत मोडींत. आणि नंतरचीं ठाण्याच्या कलेक्टरीकडील. पण दुकानदारांच्या स्वतःच्या वह्या या तिहींतहि नाहींत. त्या दुकानांतच असतात, आणि दुकान पडलें कीं रद्दींत जातात. कांहीं वर्षांपूर्वीं स्टेशनाजवळची एक जुनी दुकानांची ओळ पाडली, तेव्हां तेथील वह्या वजनावर विकल्या गेल्याचें आम्हांस दोन दिवस उशिरा कळलें. रद्दीवाल्याकडे धांव घेतली, तो लाल कापडी बांधणीचीं तीन बाडें हातीं लागलीं. बाकीचा माल गेला होता. घरीं आणून उघडलीं तर आंकडे कळत, शब्द कळेनात. मोडी वाचण्यांत ज्याचीं वीस वर्षें गेलीं त्या आमची त्या वेळीं जी फजिती झाली ती सांगण्यासारखी आहे. लिपि गुजराथी व्यापाऱ्यांची वाणियाशाई; शिरोरेघ नाहीं, काना-मात्रा-वेलांटी बहुतेक गाळलेली. त्यांत "क" आणि "ल" एवढींच अक्षरें दिसलीं तर तो "काल" कीं "कुल" हें संदर्भावरून ठरवावें लागतें. शेवटीं एका वृद्ध मेहताजींच्या पायांशीं बसून चार महिने अक्षरें गिरवलीं, तेव्हां तांदूळ, घासलेट व गवताच्या उधारीचीं खातीं उलगडूं लागलीं. मुंबईच्या बाजारांचा इतिहास लिहूं इच्छिणाऱ्या मंडळींत मोडीचे वर्ग चालतात तसे या लिपीचे वर्ग चालत नाहींत; हा दोष शेपर्डच्या माथीं मारतां येत नाहीं.

तीन बाडांपैकीं पहिलें आतां वाचून झालें आहे. त्यांत खातेदारांचीं नांवें गांववार लाविलेलीं असून वेसावें, आंबोली, मरोळ, चकाला अशीं शीर्षकें आहेत. रस्त्याचें नांव एकदांहि येत नाहीं. "पिंपळाखालचा", "विहिरीजवळचा", "चर्चच्या मागचा" अशा खुणांनीं गिऱ्हाइकें ओळखलीं आहेत. ज्या संग्राहकांपाशीं साष्टींतील दुकानांच्या अशा वह्या, कांट्याच्या पावत्या किंवा जागेचीं जुनीं खतें असतील, त्यांनीं त्यांवरील मोजणीचा क्रमांक तेवढा उतरून पाठवावा; मूळ कागद पाठविण्याची गरज नाहीं.